मालिकेतली सासू आणि आमची सोयरीक

शहाद्यात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे आणि दुकानात टीव्ही आहे. तो माझ्यासाठी नाही, गिऱ्हाइकांसाठी आहे. बायका पडद्याकडे बोट दाखवून सांगतात, पाठ अशी हवी, गाठ तशी हवी. त्यामुळे दुकान उघडल्यापासून बंद करेपर्यंत मला सगळं पाहावं लागतं. पाहिलं की मत होतं, आणि मत झालं की ते माझ्या तोंडात राहत नाही. माझा भाऊ म्हणतो, हिच्या मशीनला तरी कधीमधी तेल लागतं, जिभेला लागत नाही.

विनोदी कार्यक्रमांवर माझा खास राग आहे. चांगले मिशा उतरवलेले पुरुष साड्या नेसून येतात आणि समोर बसलेला पाहुणा खुर्चीतून पडेपर्यंत हसतो. तो आधी हसतो, विनोद मागून येतो, कधीकधी येतही नाही. बरं, साडी नेसायची तर नेसा, पण त्या ब्लाउजची बाही काखेत ओढते, खांदा उतरलेला असतो. एवढा पैसा घालून कार्यक्रम काढता, एक बरी शिवणारी ठेवायला काय होतं? मला हसू येत नाही, टाचण्या घेऊन पडद्यात शिरावंसं वाटतं.

गाण्यांचं विचारू नका. लग्नसराईत गल्लीत डीजे आला की आमच्या अहिराणी गाण्यांनी दुकानाची काच थरथरते. प्रत्येक गाण्यात एक पोरगी असते, तिला गच्चीवर बोलावतात, आणि ती बिचारी सगळ्या गाण्यांतून एकाच गच्चीवर चढत असते. शब्दांच्या नावाने बोंब. पण ठेका मात्र पक्का, हे मी नाकारणार नाही. माझा पाय मशीनवर आपोआप त्या ठेक्यावर पडतो. मागच्या वैशाखात त्या नादात मी एका नवरीच्या मावशीला उलटी बाही बसवून दिली.

पण सगळ्यात जास्त चीड येते ती मालिकांची. त्यांतल्या सासवा रेशमी साडी नेसून झोपतात आणि तशाच उठतात. एवढ्या मोठ्या घरात कोणी कांदा चिरत नाही. कोणी काही बोललं की सगळ्यांचे चेहरे तीन तीनदा दाखवतात, वीज कडाडते, पाऊस मात्र पडत नाही.

एवढं असूनही आमच्या भागात सोयरिकी या मालिकांवरच जमतात. मुलगी पाहायला आलेली माणसं महत्त्वाचं काही सरळ विचारत नाहीत. सरळ विचारणं असभ्य. पूर्वी पिकापाण्यावरून विचारायचे, आता मालिकेवरून विचारतात. मोठ्या भाचीला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी म्हटलं होतं की त्या मालिकेत बारा महिने श्रावण चालतो वाटतं, मटणाचं नाव नाही. भावाने लगेच ओळखलं आणि सांगितलं की आमच्याकडे श्रावण महिनाभरच असतो. पाहुणे खूश झाले, सोयरीक जमली. म्हणूनच मुलगी पाहायला आलेल्यांसमोर टीव्ही बंद करत नाहीत. बंद केला तर बोलायचं कशावर?

आता माझ्या धाकट्या भाचीची गोष्ट. म्हणजे भावाची मुलगी. ती मला फुई म्हणते, आमच्याकडे आत्याला फुईच म्हणतात. ती नर्स आहे. तळोद्याहून जीपने वर डोंगरात जायचं, तिथल्या उपकेंद्रात तिची नोकरी. आधी रडत गेली होती. आता तिथल्या लोकांची पावरी बोली बोलते, आणि एक दिवस रजा घेतली तर वरच्या बायका फोन करून कुठे आहेस म्हणून दटावतात. ब्राह्मणपुरीकडचं स्थळ आलं. केळी-पपईची शेती, मुलगा शांत, भाचीला आवडला होता. पण तिला मुलगाही हवा होता आणि नोकरीही. नोकरी सोडावी लागली तर मुलगा नको, असं तिने मला दुकानात बसून सांगितलं, आणि सांगताना माझी कात्री इतकी घट्ट धरली की मला ती काढून घ्यावी लागली.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच ती माझ्यापुढे उभी राहिली.

"फुई, आज तू टीव्हीवर काहीच बोलू नको. मन्हा हात जोडेल शेत."

तिने खरोखर हात जोडले होते. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

मुलगा, त्याचे वडील आणि आई आले. पाणी झालं, पोहे झाले, टीव्हीवर दुपारची मालिका लागली. त्या मालिकेतली सून तापातल्या मुलाला घरी ठेवून बँकेत जाते आणि त्यावरून सासू दिवसेंदिवस रडते. मुलाच्या आईने बशी खाली ठेवली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "पोऱ्या तापमा पडेल शे, आणि हाई बँकमा. तुमले काय वाटस?"

खोलीत सगळे सावध झाले. भाची चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली. हाच तो प्रश्न होता, ज्यासाठी भाऊ आठवडाभर तयारी करत होता. भावाने घसा साफ केला आणि म्हणाला की हल्लीच्या सुना दोन्हीकडचं नीट पाहतात, मालिकावाले उगाच वाढवून दाखवतात. उत्तर झकास होतं. मुलाचे वडील मान हलवायला लागले. मुलाची आई म्हणाली, पण त्या सासूचं रडणं पाहवत नाही, तिच्या जिवाला किती लागलंय.

आणि तिथे माझं तोंड उघडलं. मला खरंच फक्त त्या नटीबद्दल बोलायचं होतं. मी म्हटलं की कसलं लागलंय, ती बाई आठवडा झाला रडतेय, डोळ्यातलं काजळ जागचं हललेलं नाही. सगळं नाटक आहे. अशा सासवांना रडायला येतं, नातवाच्या डोक्यावर ओल्या फडक्याची घडी ठेवायला येत नाही. आणि त्या ब्लाउजचा गळाही चुकलाय, हेही मी सांगितलं.

वहिनीने डोक्यावरचा पदर सारखा केला. भावाने चॅनल बदललं, तर तिथे एक पुरुष साडी नेसून नाचत होता. तोही कोणी पाहिला नाही. मुलाच्या आईने चहा अर्धा ठेवला आणि निघताना वहिनीला एवढंच म्हणाली की कळवतो. आमच्याकडे कळवतो म्हणजे नाही.

पाहुण्यांची गाडी वळेपर्यंत भाची ओट्यावर उभी होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुले टीव्ही कळस, मानूस कळत नही." पुढे ती माझ्याशी बोलली नाही. दुकानावरून जायची, पण आत यायची नाही. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगू, ते रडणं खोटंच होतं यावरून मी तेव्हाही हलले नव्हते. मत एक गोष्ट आणि लेकराचं नुकसान दुसरी, आणि या दोन्ही गोष्टी मी एकाच फटक्यात केल्या होत्या.

पुढच्या रविवारी भाची आली, तीही वहिनीने पाठवली म्हणून, शिवलेले ब्लाउज न्यायला. मी पिशवी भरत होते तेवढ्यात फोन वाजला. मुलाची आई होती. मध्यस्थाकडून माझा नंबर घेतला म्हणाली. मी फोनचा आवाज मोठा केला, म्हटलं जे ऐकायचं ते पोरीनेही ऐकावं, निदान मी पुन्हा काही बिघडवलं असं व्हायला नको.

ती मालिकेवरच सुरू झाली. म्हणाली, तुम्ही सांगितल्यापासून मी रोज डोळे लावून बसते, खरंच त्या बाईचं काजळ हलत नाही. आमच्या ह्यांनाही दाखवलं. मी म्हटलं, हं. दुसरं काही म्हणायची हिंमत नव्हती. मग तिने विचारलं की तुमच्या मते ती सासू पुढे त्या तापातल्या पोराला सांभाळेल का.

माझ्या मते ती कधीच सांभाळणार नव्हती. लिहिणाऱ्यांनी तिला सांभाळूच दिलं नसतं, नाहीतर मालिका संपली असती. भाची काउंटरच्या पलीकडे पिशवी छातीशी धरून उभी होती. मी म्हटलं, सांभाळेल, बाई मनाने चांगली आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी एका मालिकेची खोटी तारीफ केली.

मग मुलाची आई म्हणाली, "सांभाळी. घरमा बशीसन दुसरं काय काम शे तिले?" आणि मालिकेचं नाव न घेता, अगदी सरळ विचारलं, "तुमनी पोरले इचारा, तिनी जीप सकायले कितला वाजता निंघस? डबा तश्या हिशोबले करना पडी."

भाचीने माझ्या हातातून फोन घेतला आणि जीपची वेळ सांगितली.