इंजनमावशीचा नियम

इंजनमावशीला शांतपणे बोलताना मी कधी ऐकलं नाही. नवरा रेल्वेत खलाशी आणि ही सदा वाफ सोडत असलेली, म्हणून भिलाईच्या कॅम्पातल्या आमच्या घरांच्या लायनीत तिला हे नाव पडलं होतं. तिची मायासुद्धा रागातूनच यायची. एखादं पोर उपाशी दिसलं की आधी त्याच्या आईला झापायची, मग भात वाढायची.

पोलादाचा कारखाना उभा राहत होता. विदर्भातून आलेले आमचे बाप तिथं खपत होते आणि जवळच्या शाळेतले मास्तर आम्हाला दारातूनच परत पाठवत होते. "हिंदी आती नहीं, अगले साल लाना." पुढचं साल आलं की पुन्हा तेच. बापांची मोडकी हिंदी लोखंड उचलायला चालत होती, त्यांच्या लेकरांची मात्र चालत नव्हती! आज लिहितानाही माझं डोकं तापतं.

धम्माची दीक्षा घेऊन आम्हा लोकांना थोडीच वर्षं झाली होती. घरोघर संध्याकाळी मेणबत्ती लावून वंदना व्हायची. मावशीनं त्यातच आपला नियम घुसवला. वंदना संपली तरी उठायचं नाही; मेणबत्ती जळते तोवर आईनं लेकराला शिकवायचं. कोण उठलं ते बघत ती दारोदार फिरायची. माझी आई जेमतेम दुसरी शिकलेली. "मले काय येते बाई?" ती म्हणाली.

मावशी उसळलीच. "देवाले दिवा लावून मागत होतो, तवा काय भेटलं? आता मागाचं नाही, शिकाचं. तुले दोन अक्षरं येते ना? दोनच शिकव. तेच आपली वंदना होय."

आई आधी चिडून बसली, मग गोडीनं बसू लागली. बाबांनी हिंदीचं पुस्तक आणलं. लिपी ओळखीची, म्हणून आई माझ्यासोबतच अक्षर लावत ते वाचायची.

मावशीच्या रागाचं मूळ तिच्या घरातच होतं. तिच्या लेकीला, कौसल्येला, मास्तरांनी परत पाठवलं, तेव्हा मावशी "हो जी" म्हणून निघून आली होती. कौसल्या आता बांधकामावर घमेली वाहायची. "तवा मी चुप राहिली," मावशी म्हणायची, "तुमी राहू नका."

जूनमध्ये आई आणि मावशी मला शाळेत घेऊन गेल्या. मास्तरांनी पुस्तक पुढं केलं. घरी वंदनेशिवाय पुस्तक कधी उघडलंच नव्हतं. मी सवयीनं हात जोडले, डोळे मिटले आणि वंदनेतलं त्रिशरण म्हणायला लागले. वर्गातली पोरं हसली. मास्तर भडकले, "पढ़ने को कहा था, पूजा करने को नहीं. ले जाओ इसे!" आणि त्यांनी पुस्तक ओढून घेतलं. त्याच शाळेत रोज सकाळी हात जोडून प्रार्थना व्हायची. ती चालायची, माझी चालली नाही!

मावशी पदर खोचून पुढं सरसावली, पण आईच आधी बोलली. कुणा साहेबापुढं तोंड न उघडणारी माझी आई! "मी शिकवली तिले. तिनं वाचल्याबिगर मी जात नाही." तिनं टेबलावरचं पुस्तक उचलून माझ्या हातात दिलं. मी एक पान वाचलं, दुसरं वाचलं. मास्तरांनी माझ्याकडे न बघताच नाव लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मावशीनं पदरानं डोळे पुसले. मग एकदम आईवर खेकसली, "एवढा आवाज होता त आजपर्यंत काहून दाबून ठेवला?"

पुढं मी चौथीत असताना मावशी काविळीनं गेली. संध्याकाळी तिच्या घरी वंदना झाली आणि लोक उठायला लागले. कौसल्या कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसली होती. आईनं घरून आणलेलं माझं पहिलीचं जुनं पुस्तक काढलं, कौसल्येला हाताला धरून उजेडात ओढलं आणि अगदी मावशीसारखी ओरडली, "कोनी उठू नका. मेणबत्ती पेटून हाय अजून!"