स्वच्छ विमानांची शाळा

निडीच्या मधुकर भोईरची मुलगी पायलट का झाली नाही, हे पेणच्या बाजारात मला अजून कोणी ना कोणी विचारतं. इतकी वर्षं मी एकच उत्तर देत आलो, "नाही जमलं तिला." आणि लगेच भाजीवालीकडे वळत आलो. ते उत्तर खरं नाही. खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि मी ते सांगायचं टाळलं. टाळायला आता फारशी वर्षं उरलेली नाहीत, म्हणून लिहितो.

मी एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर होतो. विमान तपासायचं, दुरुस्त करायचं आणि ते उडायला योग्य आहे अशी सही करायची, हे माझं काम. मुंबईत नोकरी झाली. रिटायर झाल्यावर पेणला घर बांधलं. एकदा रोह्याच्या एका शाळेने विमानांवर बोलायला बोलावलं. कागदाच्या पट्टीवर फुंकर मारून विमान हवेत का टिकतं ते मी दाखवलं. मुलांनी मला पगार विचारला, अपघाताचे किस्से विचारले. अश्विनी भोईरने विचारलं, "हे चालवायला काय शिकावं लागतं?" मी सांगितलं. तिने ते मनावर घेतलं, हे मला तिच्या बारावीनंतर कळलं.

तिचा बाप मधुकर रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. शिफ्ट सांभाळून निडीला भात आणि भातानंतर वाल करायचा. थंडीत त्याने मला पोपटीला बोलावलं. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा भरून ते जाळात ठेवतात, तो आमच्याकडचा थंडीतला बेत. शेंगा सोलता सोलता तो मुद्द्यावर आला.

"साहेब, आमच्यात विमानातला माणूस तुमीच. आमाला कंपनीतला पंप कळतो, विमान नाय. तुमी बोट दाखवाल त्या शाळेत पोरीला घालतो. पन एकदाच जमंल. दुसऱ्यांदा नाय."

त्याने प्रॉव्हिडंट फंड या एका गोष्टीसाठी राखून ठेवला होता. मी म्हटलं, आपण जाऊन बघू. अशा कामाला कोणी बोलावलं की बरं वाटतं. रिटायर झालेल्या माणसाला जरा जास्तच.

इथे थोडं समजावून सांगतो. पगार घेऊन विमान चालवायचं तर कमर्शिअल पायलट लायसन्स लागतं. त्यासाठी मेडिकल, सरकारी लेखी पेपर आणि दोनशे तासांचं उड्डाण. पेपर खोलीत बसून होतात. तास मात्र फ्लाइंग स्कूलच्या विमानातच भरावे लागतात. आणि पास झालेल्या पेपरांना मुदत असते. मुदतीत लायसन्स हातात आलं नाही, तर पेपर पुन्हा. म्हणजे शाळा निवडताना खरा प्रश्न एकच: इथे आपली मुलगी उडणार का, आणि किती वेळा?

मी बाकी सगळे प्रश्न विचारले.

दोन शाळा बघायच्या ठरल्या. मधुकर, अश्विनी आणि मी. पहिली शाळा बघून मी वैतागलो. हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या, दारात ऑइलचे डबे. जमिनीवर नट आवळायचे पाने पडलेले. एका विमानाच्या पंखावर कोणीतरी पुसायचं फडकं विसरलेलं. विमानांच्या पोटाखाली इंजिनापासून शेपटीपर्यंत तेलाचे काळे ओघळ. पंखांच्या पुढच्या कडेला चिलटं चिकटलेली. टायर झिजत आलेले. मुख्य प्रशिक्षक चालता चालता आमच्याशी बोलला, तेही घड्याळ बघत. मी माझी ओळख सांगितली. तो म्हणाला, "वा, छान," आणि पुढच्या विद्यार्थ्याला घेऊन विमानात बसला. बाहेर बाकावर दोन मुली डोक्याखाली बॅगा घेऊन भर दुपारी झोपल्या होत्या. अश्विनीने त्यांतल्या एकीला उठवून काहीतरी विचारलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या शाळेत गेलो तेव्हा रविवार होता. मधुकरला कंपनीची सुट्टी रविवारीच. तिथला हँगर बघून मला माझे जुने दिवस आठवले. जमीन अशी की बसून जेवावं. भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली आणि त्यावर ते ते हत्यार टांगलेलं. विमानं पुसून लख्ख. मी गुडघ्यांवर बसून पोटाखाली हात फिरवला, बोटाला काही लागलं नाही. टायरवरच्या खाचा नव्यासारख्या. तिथले प्रमुख मला "सर" म्हणत होते. माझ्या सहीच्या काळातली विमानं त्यांना माहीत होती. त्यांनी मला मेंटेनन्सच्या फाइली दाखवल्या, एका बाबतीत माझं मतही विचारलं.

थंडीतलं स्वच्छ आकाश होतं. वारा नव्हता. शिकाऊ पायलटला याहून चांगला दिवस मिळत नाही. आणि एकही विमान वर नव्हतं. मधुकरने विचारलं, "आज काय बंद हाय का?" उत्तर मी दिलं, "रविवार आहे ना." प्रमुख हसले आणि म्हणाले, "सरांना सगळं माहीत आहे."

तेव्हा कुठल्याच फ्लाइंग स्कूलचं काम मी जवळून बघितलेलं नव्हतं. माझं अख्खं आयुष्य मोठ्या दुरुस्तीच्या हँगरमध्ये गेलं. तिथे विमान येतं आणि आठवडे न् आठवडे उभं राहतं. उभं विमान म्हणजे चालू काम, ही माझ्या डोळ्यांची सवय. ते उडायला लागलं की आमच्याकडून गेलं. स्वच्छ पोट दिसलं की आम्ही समाधान मानतो, कारण गळती लपत नाही. पण छोट्या विमानाचं इंजिन चाललं की श्वासनळीसारख्या एका नळीतून थोडं तेल मागे उडतंच. शिकणारी मुलं विमान आपटत उतरवतात, त्यांत टायर झिजतातच. पोट कोरडं आणि टायर नवे, याचा अर्थ देखभाल उत्तम असा मी लावला. दुसरा अर्थ साधा होता. ती विमानं उडत नव्हती.

परतल्यावर आमच्या घरी चहाला बसलो. मी माझं मत सांगितलं, फडक्याची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. मधुकर मान हलवत होता. अश्विनी कपाकडे बघत म्हणाली, "काका, तिथली मुलं कॅरम फार भारी खेळतात."

"म्हणजे?"

"मेसमध्ये खेळत होती. एकाने बोर्ड फोडला तो सगळा साफ करूनच उठला. एवढा हात बसायला वेळ लागतो. पहिल्या शाळेतल्या मुली झोपलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, दिवसातून दोनदा उडावं लागतं, जेवायला पण होत नाही."

माझ्या बायकोला हसू आलं. मलाही आलं. मी म्हटलं, "तुला कॅरम खेळायला नाही पाठवत आपण." मधुकर मुलीला म्हणाला, "काकांचा जन्म गेला गो यात. तुला एका दिवसात काय कळला?" महिन्याभरात तिचं नाव त्या स्वच्छ शाळेत दाखल झालं.

सुरुवातीला पेपरांचा अभ्यास होता. ती सगळे पेपर पहिल्या फटक्यात पास झाली. मधुकर पेढे घेऊन पेणला आला. मग उड्डाण सुरू झालं, आणि तिचे फोन सुरू झाले. आधी एक इन्स्ट्रक्टर सोडून गेला. मग एक विमान इंजिनासाठी थांबलं. मग दुसऱ्याचे पार्ट पहिल्याला लावले. महिन्यात एखाद-दुसरं उड्डाण होत होतं, कधी तेही नाही. मी तिला सांगितलं, धीर धर, एव्हिएशनमध्ये असं होतं. ती म्हणाली, "काका, तुम्ही एकदा येऊन बघता का? आधी न कळवता या." मी गुडघेदुखीचं कारण सांगितलं. गुडघे दुखत होते, पण इतके नाही.

शेवटी मी त्या प्रमुखांना फोन केला. ते नेहमीसारखेच अदबीने बोलले. "सर, मुलगी हुशार आहे. पण लँडिंग कन्सिस्टंट नाही. थोडी स्लो आहे."

मी फोन ठेवला आणि मला त्या विमानांची कोरडी पोटं आठवली. त्या क्षणी सगळं जुळलं. लँडिंग हातात बसावं लागतं. रोज उडलं तर बसतं. तीन-तीन आठवडे खंड पडला की हात विसरतो, इन्स्ट्रक्टर मागचाच धडा पुन्हा देतो, आणि तास मात्र मोजले जातात. मुलगी स्लो नव्हती. तिला हात बसवायला विमान मिळत नव्हतं. हे समजायला इंजिनिअर असायची गरज नाही. मी तर इंजिनिअर होतो.

मधुकरने मला वडखळला भेटायला बोलावलं. नाक्यावरच्या हॉटेलात बसलो. तो नाइट शिफ्ट करून थेट आला होता. डोळे लाल. त्याने मला फिरवून फिरवून विचारलं नाही.

"साहेब, तुमी तिथल्या साहेबाशी बोललाव. काय म्हनाला?"

मी म्हणालो, "ते म्हणतात, तिचं लँडिंग कच्चं आहे."

वाक्य खोटं नव्हतं. ते तसं म्हणाले होते.

"म्हंजे पोरीलाच जमत नाय?"

मी चहा ढवळला. आमच्या धंद्यात एक नियम आहे: दोष दिसला आणि लिहिला नाही, तर तो सही करणाऱ्याचा दोष. मी म्हणालो, "काहींना वेळ लागतो."

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "तिला आतून लाज वाटत असंल, म्हनून इमानाला दोष देते. लहानपनापासून हट्टी हाय." तेव्हाही मी काही बोललो नाही. आणखी एक गोष्ट बोललो नाही. एका शाळेत उडलेले तास दुसऱ्या शाळेत धरले जातात. उरलेल्या पैशांत तिला त्या तेलकट शाळेत हलवता आलं असतं. पण ते सुचवायचं तर आधी सांगावं लागलं असतं की मी चुकलो. आणि ती कॅरमचं बोलली तेव्हा बरोबर होती.

पुढच्या उन्हाळ्यात मधुकरने तिला घरी आणलं. निम्मेही तास झाले नव्हते. पेपरांची मुदत निघून गेली. निडीत आणि रोह्यात एकच ठरलं, पोरीला झेपलं नाही. बापही तेच म्हणायला लागला, आणि दर वेळी पुढे जोडायचा, "साहेबांनी शाळा एक नंबर दाखवली होती." त्याच्या शेतातले वाल दरवर्षी माझ्या घरी येत राहिले. मी ते खात राहिलो.

एक-दोन वर्षं घरी काढून अश्विनीने मुंबई विमानतळावर एका ग्राउंड हँडलिंग कंपनीत नोकरी धरली. मधुकर गेला तेव्हा मी निडीला गेलो होतो. माणसं खूप होती. मी ओटीवर बसलो आणि परत आलो.

कोणाला मुलासाठी शाळा बघायची असेल, तर माझ्याकडून एवढं घ्या. हँगरकडे पाठ करून धावपट्टीकडे तोंड करून बसा. दिवसभर बसा आणि किती विमानं वर जातात ते बघा. विमानाच्या पोटाखाली वाका, तिथे तेल असेल तर चालेल. मुलं दमलेली दिसली पाहिजेत. तुम्हाला कोणी फार वेळ देत असेल, तर त्याच्याकडे तो का आहे याचा विचार करा. आणि शिकायचं ज्याला आहे, त्याला काय दिसलं ते आधी विचारा.

मागच्या वर्षी मी मुलीकडे कोचीला निघालो होतो. व्हीलचेअरमुळे मला आधी आत नेऊन पहिल्या रांगेत बसवलं. सगळे प्रवासी बसल्यावर पिवळं जॅकेट घातलेली एक बाई कागद घेऊन आत आली. तो कागद म्हणजे लोड शीट. विमानात माणसं किती, सामान किती आणि कुठे, इंधन किती, त्यावरून तोल कसा राहील, याचा हिशोब. कॅप्टन तो बघून सही करतो, मगच दार बंद होतं. ती कॉकपिटच्या दारात सहीसाठी थांबली आणि तिची नजर माझ्यावर पडली.

"काका? कुठे निघालात?"

अश्विनी होती. केसांत थोडं पांढरं आलं होतं. तिने गुडघ्यांची चौकशी केली, काकूंची केली. कॅप्टन तोपर्यंत आकडे बघत होता. मला जे बोलायचं होतं ते मी कितीतरी वेळा मनात जुळवलेलं होतं. मी म्हणालो, "अश्विनी, तुझ्या बाबांना मी वडखळला—"

"बाबा शेवटपर्यंत तुमचं नाव काढायचे, काका," ती म्हणाली. "म्हणायचे, साहेबांनी आपल्यासाठी गुडघे झिजवले, आपणच कमी पडलो."

ती माझ्याकडे सरळ बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिला काय माहीत होतं आणि काय नाही, हे मला त्यावरून कळलं नाही. तिच्या वॉकीटॉकीवर कोणीतरी घाई करत होतं. कॅप्टनने सही केली. तिने आपली प्रत फाडून घेतली, त्याला "हॅपी लँडिंग्ज, सर" म्हणाली आणि जाता जाता माझ्याकडे वाकली.

"बेल्ट राहिलाय, काका."

मी बेल्ट शोधायला खाली बघितलं. तो लावून मान वर केली तेव्हा दार बंद झालं होतं.