मामाचा बॉर्डरवाला फोन

थांबा, हातातलं काम बाजूला ठेवा, मला हे आत्ताच सांगायचंय, नंतर म्हटलं तर माझ्याच्यानं सांगवणार नाही. तर ऐका. माझ्या मामाइतका शिस्तीचा मोबाईल अख्ख्या मोताळा तालुक्यात कोणाकडे नव्हता, नाही आणि होणारही नाही. धामणगाव बढ्याच्या बाजारातून कोणी नवा फोन घेतला की गोऱ्हा दाखवायला आणावा तसा तो आधी मामाला दाखवायला आणायचे. मामा चष्मा कपाळावर सरकवणार, फोन उलटासुलटा करणार आणि म्हणणार, "लई तन माजलं बे यात." मग वावरातलं तण निंदायला बसल्यासारखी मांडी घालून एकेक अ‍ॅप उपटायला सुरुवात. या निंदणीत एकदा माझ्या बाबांच्या फोनमधून आत्याच्या साखरपुड्याचे सगळे फोटो गेले. बाबा हादरले. मामा शांतपणे म्हणाला, "दाजी, समदे सारखेच दिसून राह्यले होते. एक ठेवला ना."

त्याचा स्वतःचा फोन तर बघण्यासारखा. उघडला की चारच चिन्हं, हवामान, कापसाचा भाव, कॅल्क्युलेटर आणि टॉर्च. मागे चित्र नाही, देव नाही, नातवंड नाही, नुसतं काळं, आमच्या वावराच्या मातीसारखं. फोटोंचे कप्पे वावराप्रमाणे, 'विहिरीपाशी', 'नाल्याकडं', 'लिंबाखाली'. प्रत्येकाची रिंगटोन वेगळी. खतवाल्याला घंटी, चाकणला कंपनीत असलेल्या आमच्या दादाला, म्हणजे त्याच्या पोराला, बासरी, आणि मामीला काहीच नाही. मी विचारलं तर म्हणे, "तिले रिंगटोन कायले? ते वावरातून बोलली तरी घरात आयकू येते." आतून मामीचा आवाज, "मंग उत्तर काऊन नाई देत?"

हे सगळं तो कुठल्या तरी शहरातल्या पोराचे व्हिडिओ बघून शिकला होता. तो पोरगा सांगायचा, फोन नीट लावा, डोकं आपोआप नीट लागतं, कामं दुप्पट होतात. ऐकणारे ऐकतात आणि विसरतात, माझ्या मामानं ते मंत्रासारखं धरलं. आणि मला वाटतं, का धरलं तेही कळतं. पाऊस त्याचं ऐकत नव्हता, भाव ऐकत नव्हता, बियाणं तर दर साली नवंच नाव घेऊन यायचं. ऐकणारा म्हणून घरात एक फोनच होता.

आता खरी गंमत ऐका. तेव्हा बीटी कापसाच्या पिशवीत साध्या बियाण्याची एक छोटी पुडी यायची. वावराच्या चारी बाजूंनी ते साधं बियाणं लावायचं, म्हणजे अळी तिकडेच खात बसते आणि आतली बीटी नीट राहते, असा नियम. गावात सगळे ती पुडी फेकून द्यायचे. जागा कायले वाया घालवायची? लावणारा एकटा माझा मामा, तेही दोरी धरून. आणि त्यातूनच त्याच्या डोक्यात आलं की फोनलाही बॉर्डर पाहिजे. जुना, कोपरा फुटलेला फोन काढला, त्यात दुसरं कार्ड घातलं, आणि वेळ खाणारं जे जे म्हणून होतं ते सगळं तिकडे ढकललं. लॉटरीवाले तिकडे, देवाचे मेसेज तिकडे, माझे बाबा त्यांच्या सकाळच्या फुलांसकट तिकडे. "अळीले खाऊ द्या तिथं," तो मला समजावून सांगायचा, "आपलं मेन पीक साफ राह्यलं पाह्यजे, भाचीबाई."

त्याच तडाख्यात रफिकभाईही बॉर्डरला गेले. रफिकभाई म्हणजे धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून असलेले शेजारी, माणूस सोन्यासारखा, पण रोज पहाटे गुलाबाच्या चित्रावर एक शेर पाठवणारच. त्यांचा फोन रबर लावून धरलेला, आत पाय ठेवायला जागा नाही, काही म्हणजे काही पुसायचे नाहीत. गावातल्या शेतकऱ्यांचा ग्रुपही त्यांनीच काढलेला. मामानं तोही बॉर्डरला टाकला, म्हणे तिथं गप्पाच जास्त. तो जुना फोन बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत घालून खुंटीला टांगलेला असायचा आणि फक्त बाजाराच्या दिवशी उघडायचा. उघडायचा म्हणजे काय, मेसेजचा ढीग बघायचा, तोंड वाकडं करायचं आणि न वाचता सगळा एका फटक्यात साफ.

ते साल तसं साधं नव्हतं. मामीनं पेरणीलाच सांगून टाकलं होतं, "यंदा कापूस साधला तर ठीक. नाई तर वावर ठेक्यानं देऊन टाका, आपण पोराकडं चाकणले जाऊ." मामा चाकणच्या फ्लॅटमध्ये, विचार करा. चपला कुठे काढायच्या ते विचारत बसला असता. म्हणून त्या साली फोन जास्तच चकचकीत होता, आणि पऱ्हाटीही, म्हणजे उभा कापूस, काय आली होती म्हणता, माझ्या खांद्याला लागत होती, बोंडं हिरवीगार. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तर मामा मला आधी फोनमधली पऱ्हाटी दाखवतो आणि मग वावरातली.

आम्ही धुऱ्यावर उभे होतो. मामीनं सहज एक बोंड तोडलं, दोन बोटांत धरून फोडलं. आत गुलाबी अळी. बाहेरून एक डाग नाही. मामा म्हणाला, "एखादं राह्यते." मामीनं दुसरं फोडलं. मग मी फोडलं. मग आम्ही तिघंही फोडत गेलो, विहिरीपाशी, नाल्याकडे, लिंबाखाली, सगळीकडे तीच. मामानं खिशातून फोन काढला आणि फोटो घ्यायला लागला, आणि बाई गं, तशा वेळीही प्रत्येक फोटो ज्याच्या त्याच्या कप्प्यात टाकत होता.

"अळीले कप्प्यात टाकून राह्यले," मामी म्हणाली. "तिनं आपल्याले कवाच टाकलं." आणि पदर तोंडाला लावून ती तिथेच बसली.

संध्याकाळी रफिकभाई आले. मी चहा ठेवला. ते आल्या आल्या म्हणाले, "भाऊ, मी ग्रुपवर कवापासून सांगून राह्यलो, बोंडं फोडून पाहा, बाहेरून काई दिसत नाई. पतंगाच्या सापळ्याचा फोटो टाकला, आवाज पाठवला. तुमचा जवाब नाई. मले वाटलं शायरीवरून नाराज असान, म्हणून घरी आलो नाई."

मामा उठला, खुंटीवरची पिशवी काढली, फोन चालू केला. आत काहीच नव्हतं. नुकताच साफ केलेला. तो त्या स्वच्छ पडद्याकडे बघत राहिला. मग, तुम्हाला खोटं वाटेल, त्याचा चेहरा हळूहळू मोकळा व्हायला लागला.

"म्हंजे मी पाह्यलं असतं तर वाचलं असतं," तो म्हणाला. "माहीच चूक झाली, रफिकभाई. ग्रुप बॉर्डरले टाकाले नोयता पाह्यजे. बाकी समदं बरोबर होतं."

आणि मला माहीत होतं. दुपारी वावरातून परतताना मामा फोनमध्ये मान घालून पुढे निघून गेला होता, तेव्हा मी रफिकभाईंचं वावर बघितलं होतं. त्यांनी सापळे लावले होते, फवारे मारले होते, आणि त्यांची पऱ्हाटी ते कापून बांधावर टाकत होते, पार शेवटच्या ओळीपर्यंत. ज्याचा फोन साफ त्याचंही गेलं, ज्याचा फोन उकिरडा त्याचंही गेलं. मी सांगायला तोंड उघडलंच होतं. रफिकभाईंनी माझ्याकडे बघितलं, नुसतं बघितलं, आणि कप खाली ठेवला.

"हाव भाऊ," ते म्हणाले. "तुमचीच चूक. पुढच्या साली ग्रुप पाहात जा."

"मंग ते सुधरवता येते," मामा म्हणाला.

मामी चुलीपाशी होती. तिनंही ते वावर बघितलेलं होतं. चाकणचा शब्द तिनं त्या दिवशी काढला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मामा मात्र लगेच कामाला लागला, ग्रुपला कुठली रिंगटोन द्यायची म्हणून मला एकेक वाजवून दाखवत होता, आणि मी प्रत्येकीला छान म्हणत होते. पुढच्या साली त्यानं परत कापूसच पेरला. त्या सालाचं मला काही सांगायला लावू नका.

पण एवढं सांगा, तुमच्याही घरात असं कोणी आहे का, आपली काहीच चूक नव्हती हे ज्याला ऐकवत नाही? आणि त्याला 'हो, तुझंच चुकलं' असं म्हणायची वेळ तुमच्यावर आली होती का कधी?