लिंबोणीला बांधलेलं लिंबू

काल लेकीला होस्टेलवर सोडून आले आणि आज गॅलरीतल्या लिंबोणीला पाणी घालताना कोवळ्या पानावर चंदेरी, नागमोडी रेघ दिसली. पान चुरडलं आणि त्या वासासरशी मी पांडेसऱ्याच्या मिलवस्तीतल्या आमच्या खोलीच्या दारात पोचले.

नव्वदच्या दशकात तिथे, मिलमधल्या रंगाच्या रिकाम्या पिंपात, आईनं खानदेशातून आणलेली लिंबोणी होती. आई तिला दोन्ही वेळा पाणी घाली, वर तांदळाचं धुवण. तिला सारखी नवी पालवी फुटे आणि पानापानावर तीच रेघ उमटे. दृष्ट लागली म्हणून आईनं चक्क लिंबोणीलाच विकतचं लिंबू आणि मिरच्या बांधल्या!

शेजारच्या खोलीतल्या वऱ्हाडी मावशींना हसू आवरेना. त्यांच्या लिंबोणीची पानं जाड आणि स्वच्छ होती. "इतकं पाणी नको देऊ वं तिले. कवळं पान दिसलं का अळी आत शिरते. जून होऊ दे थोडं."

माझी वेणी घालणाऱ्या आईचा हात थांबला. रोज बोट धरून शाळेत सोडणाऱ्या आईनं दुसऱ्या दिवशी मला एकटीला पाठवलं.

मी उड्या मारत गेले, एकदाही मागे न बघता. ती दारात किती वेळ उभी राहिली असेल, ते काल होस्टेलच्या फाटकाशी कळलं.