मारबतीसोबत गेलेलं हिरवं पाकीट

गणपती विसर्जनाचा दुसरा दिवस, सकाळ. ठिकाण : तालुक्याचं सरकारी रुग्णालय. हजर : मी, माझी धाकटी जाऊ, तिच्या मांडीवर तापाने फणफणलेली तिची सहा वर्षांची मुलगी, सासूबाई, आणि टेबलापलीकडे डॉक्टर. गैरहजर : गोळ्यांचं रिकामं पाकीट.

त्या पाकिटावरूनच सगळं बिनसलं.

पोरीला हिवताप झाला तो पोळ्याच्या आधी. मेंदूत चढतो ना, त्या वाईट जातीचा. आमचं गाव नागझिऱ्याच्या जंगलाला लागून, हा ताप आम्हाला नवा नाही. गावातल्या आशाताईंनी बोटातून रक्त घेऊन तपासलं आणि लहान मुलांचं हिरवं पाकीट दिलं. तीन दिवसांच्या गोळ्या. जाऊ निंदणाला जायची, म्हणून ते काम मी घेतलं. गुळात कालवून, ओकली तर कळावं म्हणून नंतर पुढ्यात बसवून, एकूण एक गोळी मी दिली. ताप उतरला. तान्ह्या पोळ्याला पोर लाकडी बैल घेऊन घरोघर फिरली.

त्याच दिवशी पहाटे मारबत निघाली होती. ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत गाव तिचा पुतळा शिवेबाहेर नेऊन जाळतं. घरातली मोडतोडही तिच्यासोबत जाते. सासूबाईंनी फुटक्या सुपात ते रिकामं पाकीटही टाकलं.

आणि आता ताप परत आला होता, रक्तात तोच जंतू.

“गोळ्या पूर्ण दिल्या?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी स्वतः दिल्या.”

“पाकीट दाखवा.”

सासूबाईंनी खरं ते सांगितलं. “मारबतीसंगं धाडलं जी. बिमारीचा कचरा घरात काऊन ठेवाचा?”

डॉक्टर हसले. “वा आजी! म्हणजे तुमची मारबत गोळ्या पण खाते?”

“मारबत नाही खात. डास खाते आमाले. तुमच्या दवाखान्यामागच्या नालीतबी लय हायेत.”

हसू गेलं. त्यांनी केसपेपरवर लिहिलं : उपचार अपूर्ण.

मी म्हटलं, “सर, गोळीच लागू पडली नसेल तर?”

“मॅडम, गोळी बराबर आहे. घरचे लोक देत नाहीत. नाहीतर नवा डास चावला असेल.”

“मग तपासा ना. जुनाच जंतू वाचला की नवा आला, ते रक्तावरून कळतं.”

दुसरं औषध सुरू होण्याआधी मी पोरीच्या रक्ताचे थेंब तपासणीच्या कागदावर घ्यायला लावले, तेही टेबलापासून हलले नाही म्हणून. कागद वाळला, लिफाफ्यात गेला. पण उपचार अपूर्ण असलेल्या पेशंटचं रक्त पुढे मोठ्या प्रयोगशाळेत जात नाही म्हणे. डॉक्टरांनी सही केली नाही.

माझं डोकं अजून तापतं ते इथे. गोळी जिंकली तर सरकारची, हरली तर आईची चूक. प्रत्येक हरलेली गोळी अशी आयांच्या नावावर चढवली, तर गोळी हरते आहे हे कळणार कुणाला? त्या जंतूला आमच्या मारबतीशी काय देणंघेणं? तो गोळीला सरावला असेल, तर गल्लीतल्या पुढच्या पोराच्या रक्तातही तसाच वाचेल.

पोर दुसऱ्या औषधाने उठली. घरी येताना बसमध्ये सासूबाई हळूच म्हणाल्या, “मोठे, माह्यानं चूक झाली का वं?”

“तुमची नाही,” मी म्हटलं. इतक्या जोरात, की कंडक्टरने वळून पाहिलं.

दुसऱ्या औषधाचं रिकामं पाकीट त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं आहे. रोज त्यालाही हळदकुंकू लागतं. मी काढत नाही.

काल शेजारच्या पोरीला ताप भरला. तपासणीत तोच वाईट जातीचा निघाला. आशाताईंकडे दुसरं काय असणार? तेच हिरवं पाकीट दिलं. तिच्या आईला मी पहिलं हेच सांगितलं : पाकीट जपून ठेव.

डॉक्टरांकडे मी पुन्हा दोनदा जाऊन आले. रक्ताचा तो कागद त्यांच्या खणातच आहे. सही बाकी.