एका लेथपुढची रांग

लेथखालचा लोखंडी कीस दररोज संध्याकाळी झाडून निघत असे. तिथल्या गोष्टी मात्र साचत गेल्या. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, त्यांचा बालाघाटच्या स्टेशनामागे छोटासा कारखाना होता. लोखंड कातायची लेथ एक, ती चालवणारे तुळशीराम मिस्त्री एक, आणि कामे मात्र लालबर्ऱ्याच्या राइस मिलपासून तिरोडीच्या खाणीपर्यंतची! कोणते काम आधी, यावर रोज भांडण. मी शाळेत शिक्षिका होते; शेवटी तिथला एक जुना फळा मी त्यांना मिळवून दिला. दादांनी नियम दोनच केले : जे आधी येईल ते आधी, आणि घरचे काम सर्वांत शेवटी.

नेमका त्याच सुमारास वहिनींच्या शिलाई मशीनचा दांडा वाकला. माझ्या शाळेतल्या मुलींचे चाळीस झगे शिवून देण्याचा शब्द त्यांनी दिला होता आणि शाळा उघडायला तीन आठवडे उरले होते. फळ्यावर त्या दांड्याला सातवा क्रमांक मिळाला.

*

पहिल्याच आठवड्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचे काम 'अर्जंट' झाले. अर्जंट काम लाल खडूने लिहायचे, असे दादांनी ठरवले. शनिवारी पाहते तो सगळा फळा लाल, वहिनींचा दांडासुद्धा! मध्येच एका शेतकऱ्याच्या पंपाचा नट तेवढा पांढऱ्या खडूने लिहिलेला. मिस्त्रींनी तोच प्रथम केला.

दादा संतापले. मिस्त्री म्हणाले, "सारंच लाल होतं मालक. एकच पांढरं दिसलं. मले वाटलं, हेच काही खास असन!"

लाल खडू त्या दिवशी बंद झाला.

*

लालबर्ऱ्याच्या मिलमालकांनी मिस्त्रींना पेढ्यांचा पुडा पाठवला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः आले. काम जागच्या जागीच!

"मिस्त्री, पेढे खाल्ले ना?"

"हौ. पेढे पयले आले, पयले खाल्ले. काम पाचवं आलं, पाचवं होईन."

*

बैहरहून एका साहेबांची जीप आली. ड्रायव्हर म्हणाला, "साहब का काम पहले होगा. नहीं तो साहब खुद आएँगे."

"येऊ द्या," मिस्त्री म्हणाले. "बसाले स्टूल हाये."

साहेब खरोखरच आले आणि दोन तास त्या स्टुलावर बसून फळा वाचत राहिले. शेवटी त्यांनी विचारले, "सर्वांत खाली हे कोणाचे काम?"

"माझ्या पत्नीचे," दादा म्हणाले.

साहेबांचा राग तिथेच उतरला. "मग मी बराच वर आहे!"

*

शाळेला आठ दिवस उरले. वहिनी हातानेच शिवू लागल्या. चार दिवसांत चार झगे झाले. एका सकाळी त्यांनी विचारले, "अहो, माह्या दांड्याचा नंबर?"

"अकरावा."

"काल नववा होता!"

"तिरोडीहून दोन पंप आले."

"सारे समोर जातात. माह्याच मांगं काहून जाते?"

"नियमच तसा आहे," दादा गंभीरपणे म्हणाले.

*

मिस्त्री रोज दुपारी दादांच्या घरीच जेवत. त्याच दुपारी आम्ही सारे जेवायला गेलो, तर स्वयंपाकघराच्या दारावर कोळशाने यादी लिहिलेली. पहिले मिस्त्री, दुसरी मी, तिसऱ्या शेजारच्या काकू. सर्वांत खाली 'घरचा माणूस'.

दादांनी ती दोनदा वाचली. तत्त्वात चूक सापडेना. ते पंगतीच्या टोकाला जाऊन बसले.

मिस्त्री सावकाश जेवले, हात धुतले आणि पिशवीतून सरळ केलेला दांडा काढून त्यांनी वहिनींपुढे ठेवला. "घ्या वैनी."

"हा अकरावा होता!" दादा ओरडले. "केला कधी?"

"जेवणाच्या सुट्टीत. चार दिवस झाले, मी जेवाले उशिरा येऊन राह्यलो. काहून, ते तुमी इचारलंच नाही. सुट्टी फळ्यावर नाही मालक."

वहिनींनी दांडा उचलला आणि त्या तडक आतल्या खोलीत गेल्या. काकूंचे आणि माझे जेवण उरकले. दादांच्या पुढ्यातले ताट रिकामेच होते.

"अगं, आता माझाच नंबर ना?"

आतून मशीनचा आवाज सुरू झाला. त्यावर वहिनींचा आवाज आला :

"हौ. पण मधात छत्तीस झगे आले!"