मुळशीचा वारा, सुनेत्राचा नकाशा आणि माझा जळफळाट

पोटात दुखायला लागलं की माणसं डॉक्टरकडे जातात. मी मुळशीला गेले.

झालं असं, की आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर सुनेत्राने फोटो टाकला. डोक्यावर टोपी, उघड्या शेताच्या मधोमध उभी, शेजारी खांबावर पत्र्याचा डबा आणि खाली ओळ: ‘वारा कुणाची माती कुठे नेतो, ते आता आमचं मॉडेल सांगणार!’ झालं, सगळ्यांच्या टाळ्याच टाळ्या. सुनेत्रा म्हणजे कृषी अभियांत्रिकीच्या होस्टेलवरची माझी रूममेट. वाऱ्याने शेतजमिनीची किती धूप होईल, हे संगणकावर आधीच कसं ओळखायचं, यावर आम्ही दोघींनी तेव्हा रात्रंदिवस डोकं फोडलं होतं. ती त्यातच टिकली. मी हिंजवडीत नोकरी धरली आणि आता बँकेच्या ॲपमधली बटणं इकडची तिकडे करते.

मीही टाळ्या टाकल्या. मग लिहिलं, ‘येऊ का बघायला?’

‘ये की! शनिवारी शेतकऱ्यांबरोबर बैठक आहे,’ लगेच उत्तर. खोटं कशाला बोलू, मला ते मॉडेल तोंडावर आपटताना बघायचं होतं.

शनिवारी सकाळी बावधनहून स्कूटर काढली. तुम्ही जाणार असाल तर उजाडता उजाडता निघा. भूगाव-भुकूमच्या पट्ट्यात एकदा का डंपर सुरू झाले की मागे धूळ खात बसावं लागतं. पिरंगुटला कंपन्यांची शिफ्ट सुटायची वेळ टाळा आणि पेट्रोल तिथेच भरून घ्या. मी पौडला मिसळ खाल्ली. रस्सा झणझणीत, पाव ताजे, शंभराच्या आत पोट भरलं. पौड सोडलं की रस्ता मोकळा होतो, करवंदांच्या जाळ्या दिसायला लागतात, आणि एप्रिल असल्यामुळे डोंगर नुसते पिवळे. लोक मुळशीला हिरवळ बघायला पावसात येतात. मी त्या पिवळ्याच्याही प्रेमात पडले असते, पण डोक्यात सुनेत्राची ती टोपी होती.

राहायची सोय तिनेच केली होती, बबन अण्णांकडे. भाताची जमीन राखून असलेलं जुनं घर, आता वरच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. खोली स्वच्छ, बाथरूम वेगळं, भाडं जेवणासकट हॉटेलच्या निम्म्याने. वहिनींच्या हातची नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी चुकवू नका.

सुनेत्राही जेवायला तिथेच होती. जेवताना अडचण कळली. अण्णांनी दोन वर्षांपूर्वी जेसीबी लावून आपल्या शेताचे बांध सपाट केले होते. प्लॉट पाडून विकायचे म्हणून मधून खडीची भुकटी टाकून पांढरा रस्ताही केला. गिऱ्हाईक काही आलं नाही, शेत उघडंबोडकं पडून राहिलं. वाऱ्याच्या तोंडावरची तीच जमीन सुनेत्राला हवी होती. कडेने आता वारा अडवायला बांबूच्या ताट्या आणि पावसात निरगुडीचं कुंपण लावायचं, मग मॉडेलने सांगितली तेवढी माती खरंच वाचते का ते मोजायचं. अण्णा हो म्हणाले तर तिचा हंगाम, नाहीतर वर्ष फुकट.

“झाडं लावली का प्लॉट दिसत न्हाई रस्त्यावनं,” अण्णा म्हणाले. “आन मातीचं काय घिऊन बसलाय ताई? वारा काय आज सुटलाय व्हय?”

सुनेत्राचा चेहरा पडला. मी भाकरीचा तुकडा मोडत मनात म्हटलं, शाब्बास अण्णा, असेच अडून राहा.

दुपारी ताम्हिणीच्या बाजूने वारा सुटला आणि सगळे शेतावर गेलो. ज्यांना वाटतं मुळशी म्हणजे नुसता पाऊस, त्यांनी एप्रिलच्या दुपारी इथे यावं. अण्णांच्या शेतातून तांबूस पदर उठत होते, दातांखाली कचकच. पलीकडे पूर्वेला त्यांच्या धाकट्या भावाचं, विठ्ठलरावांचं शेत. त्याला कडेने दाट निरगुडी. दोघा भावांचं वाटणीपासून बोलणं बंद आहे, हे वहिनींनी मला आधीच कानात सांगून ठेवलं होतं. विठ्ठलराव बैठकीला आले होते, पण आंब्याखाली आमच्याकडे पाठ करून बसले.

सुनेत्राने लॅपटॉप उघडला. आमच्या वेळी असं मॉडेल एकच आकडा द्यायचं, शेतातून माती किती गेली. हिने गेलेली माती कुठे पडते तेही काढलं होतं. जिथून जाते ते लाल, जिथे बसते ते निळं. इतकी साधी गोष्ट! मला का नाही सुचली? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

अण्णा वाकून बघत होते. “ह्ये लाल माझं. आन ह्ये निळं कुनाचं?”

सुनेत्राने आंब्याकडे पाहिलं. विठ्ठलरावांनी मान वळवली.

“ह्याचं?” अण्णांचा आवाज चढला. “माझी माती ह्याच्या रानात जाती?”

“संगणक म्हणतोय तसं,” सुनेत्रा म्हणाली, “पण डबा उघडून बघू.”

हे डबे वाऱ्याकडे आपोआप तोंड फिरवतात आणि उडणारी धूळ आत धरतात. विठ्ठलरावांच्या निरगुडीजवळचा डबा तिने ताटलीत ओतला. तांबडी, मऊ, पिठासारखी माती. आणि तिच्यात पांढरी भुकटी.

अण्णांनी चिमूट उचलली, बोटांवर चोळली. “आरं, ही माझ्या रस्त्याची खडी हाय! पदरचा पैका घालून टाकलीया मी!”

“मंग घमेलं आण आन घिऊन जा,” विठ्ठलराव आंब्याखालूनच म्हणाले. वाटणीनंतर भावाशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य, असं वहिनी नंतर म्हणाल्या. “तरीच औंदा पावटा झ्याक आला.”

पावट्याचं नाव निघालं आणि अण्णा उसळले. “ताई, ताट्या उद्याच लावायच्या. ह्या अंगाला आन त्या अंगालाबी! निरगुडी न्हाई, अजून काय दाट आसंल त्ये लावा. एक कण जाता कामा नये ह्याच्या रानात!”

जमीन वाचवा, पुढच्या पिढीचं बघा, हे सगळं सुनेत्राने महिनाभर सांगून पाहिलं होतं. काम झालं ते भावाच्या पावट्याने. आणि मी? मी तिथे एकटीच होते जिला अण्णांचा राग आतून बाहेरून समजत होता.

मग माझी नजर नकाशावर गेली. शेताच्या मधून एक गडद लाल पट्टा. गुरांची वाट. पावसाने मातीवर कडक पापुद्रा धरतो, तो शाबूत असेपर्यंत वारा काही करू शकत नाही, पण गुरांच्या खुरांनी फुटला की माती मोकळी. हे गणित मी ओळखत होते. होस्टेलच्या खोलीत, चहाच्या डागांसकट, मीच मांडलं होतं!

संध्याकाळी धरणाकाठी गेलो. पाणी खाली गेलेलं, काठाला गाळाच्या पायऱ्या, सूर्यास्त फुकट. मी विचारलंच, “तो पापुद्र्याचा भाग माझा आहे ना?”

“अगं तुझाच. विचारलं होतं मी, तुझ्या मुलीच्या बारशाला. तू म्हणालीस, घे की, मला काय करायचंय त्याचं! नकाशाखाली नाव आहे तुझं, वाचलं नाहीस?”

वाचलं नव्हतं. मला तिच्यावर चिडायचं होतं आणि बाईने तेवढीही सोय ठेवली नव्हती.

“पण तो वळवाच्या पावसानंतर चुकतो,” ती म्हणाली. “मला दुरुस्त होत नाही. मला तू हवी आहेस. सोमवारी प्रस्ताव पाठवायचाय, दोघींच्या नावाने. येशील?”

“बघते,” मी म्हटलं, आणि उगीच करवंदं खात बसले.

रविवारी निघताना अण्णा ताट्यांचे बांबू रोवत होते. पलीकडून विठ्ठलराव ओरडले, “त्यो वाकडा झालाय!” अण्णांनी शिवी घातली आणि बांबू सरळ केला. वहिनींनी इंद्रायणी तांदळाची पिशवी माझ्या स्कूटरला अडकवली. परतताना चांदणी चौकाच्या अलीकडे तासभर अडकले, रविवारी संध्याकाळी त्या रस्त्याला लागूच नका.

घरी येऊन गॅलरीतल्या खुर्चीवर बोट फिरवलं, तांबूस धूळ. कुणाच्या शेताची असेल, हा विचार किती वर्षांनी आला मला! इतकी वर्षं तो माझा विषय होता, आणि मी तो उघडा टाकून निघून गेले होते. रात्रभर त्या वळवाच्या पावसाने झोप लागू दिली नाही. पहाटे कागदावर दोन ओळी मांडल्या, आणि चूक कुठे आहे ते दिसलं.

सोमवारी सकाळी सुनेत्राला फोन केला. “येते मी. पण एक अट. नावं अकारविल्हे लावायची.”

माझं नाव अर्चना. मी वाट बघत होते, ती अडखळेल, निदान एकदा तरी “अगं पण” म्हणेल.

“अगं, मी तशीच लिहिलीयेत,” ती म्हणाली. “तुझं पहिलं.”

हेच. तिचं नेमकं हेच मला सहन होत नाही.